गोसाईंथानचें हिमदफ्तर आणि शके १७१३ चा कवटी-दुष्काळ

सवाई माधवरावांच्या कारकीर्दीचीं शेवटचीं वर्षें मराठ्यांच्या इतिहासांत मोठ्या गडबडीचीं गेलीं. टिपूवरील मोहीम, श्रीरंगपट्टणचा तह, महादजी शिंद्यांचें पुण्यास आगमन व तेथेंच झालेला त्यांचा मृत्यु, खर्ड्याची लढाई आणि अखेर शनिवारवाड्यांतील ती शोककारक घटना, हें सर्व इ. स. १७९० ते १७९५ या अवघ्या सहा वर्षांच्या पोटांत घडलें. या प्रत्येक प्रकरणावर आमच्या इतिहासकारांनीं पानेंच्या पानें खर्चीं घातलीं आहेत, आणि तें योग्यच आहे. परंतु याच वर्षांत दक्षिणेंत एक मोठा दुष्काळ पडून गेला. त्याच्या वाट्यास आमच्या ग्रंथांत बहुधा एक वाक्य येतें, क्वचित् दोन. विजापूर-धारवाडकडील लोक त्याला 'कवटी-दुष्काळ' म्हणत. मेलेल्यांस मूठमाती देण्यास कोणी न उरल्यामुळें रानोमाळ कवट्या पसरल्या होत्या, असें या नांवाचें कारण मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत नोंदलेलें आहे. इंग्रजी ग्रंथांत त्याचें 'डोजी बरा' असें जें नांव आढळतें तें पाहून मराठी वाचक गोंधळतो. कारण दुष्काळ आणि 'बरा' यांची सांगड बसावी कशी? येथील 'बरा' हा मराठी शब्द नव्हे. कानडी 'बर' म्हणजे अवर्षण, तोच शब्द इंग्रजी लेखणींतून वांकडा होऊन आला आहे. असो.

या दुष्काळासंबंधीं एका निराळ्याच जातीच्या साधनाचा परिचय वाचकांस करून द्यावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. हें साधन कोणत्याहि लिपींत लिहिलेलें नाहीं. नेपाळच्या उत्तरेस, तिबेटच्या हद्दींत गोसाईंथान या नांवाचा पर्वत आहे. तिबेटी लोक त्यास शिशापंग्मा म्हणतात. त्याची उंची आठ हजार मीटरांहून थोडी अधिक भरते. या पर्वतावरील दासुओपू नांवाच्या हिमनदींत, समुद्रसपाटीपासून ७,२०० मीटर उंचीवर, हें साधन शतकानुशतकें गोठून पडलेलें होतें. अमेरिकेंतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे लॉनी थॉम्पसन, चीनचे याओ तांदोंग आणि त्यांचे सहकारी यांनीं इ. स. १९९७ मध्यें तें बाहेर काढलें व इ. स. २००० मध्यें त्याचें वाचन प्रसिद्ध केलें. त्या वाचनाचा निष्कर्ष असा कीं, गेल्या हजार वर्षांत त्या बाजूस अवर्षणें अनेक झालीं, परंतु इ. स. १७९० ते १७९६, म्हणजे शके १७१२ ते १७१८, या काळांतील अवर्षणाहून तीव्र असें एकहि झालें नाहीं.

आमचा कवटी-दुष्काळ शके १७१३ चा, विरोधकृत् संवत्सरांतला. तेव्हां हा साक्षीदार कोण, तो काय सांगतो आणि त्याच्या साक्षीवर कितपत विसंबावें, हें पाहणें इतिहासाभ्यासकास प्राप्तच आहे.

ज्यांस हा विषय नवा असेल त्यांच्यासाठीं प्रथम थोडेंसें विवेचन करितों. अत्युच्च पर्वतांवर पडणारें हिम वर्षाअखेर पुरतें वितळत नाहीं. त्यावर पुढील वर्षाचें हिम पडतें, त्यावर त्याच्या पुढील वर्षाचें. खालचे थर वरच्या भारानें दबून घट्ट होतात आणि त्यांचें बर्फ बनतें. पडतांना हिमानें हवेंतून जें जें कांहीं बरोबर आणलें असेल, म्हणजे धूळ, समुद्राचें किंवा खाऱ्या जमिनीचें मीठ, ज्वालामुखीचें आम्ल, भट्ट्यांचा धूर, धातूंचे सूक्ष्म कण, तें त्या त्या वर्षाच्या थरांत अडकून राहतें. या थरांतून वरपासून तळाच्या खडकापर्यंत पोकळ गिरमिटानें बर्फाचा एक लांबच लांब दंड कापून काढितात. इंग्रजींत त्यास आइस कोअर म्हणतात. मी या लेखांत त्यास हिमशलाका म्हणणार आहें. अलीकडे 'हिमगाभा' असाहि शब्द योजिलेला आढळतो. पण जो बाहेर काढला त्याला गाभा म्हणणें माझ्या कानास खटकतें. दासुओपूहून अशा तीन शलाका काढण्यांत आल्या आणि त्यांतील सर्वांत लांब शलाका सुमारें १६८ मीटरांची आहे.

कागद हातीं आला म्हणजे आपण प्रथम त्याची मिति पाहतों. हिमशलाकेची मिति कशी काढावी ? पावसाळ्यांतील हिम आणि कोरड्या ऋतूंतील हिम यांत भेद असतो. कोरड्या ऋतूंतील थरांत धूळ अधिक असते, आणि पाण्यांतील ऑक्सिजनच्या जड व हलक्या अणूंचें परस्पर प्रमाणहि ऋतूप्रमाणें बदलतें. झाडाच्या खोडांतील वलयांप्रमाणें हे थर वरून खालीं मोजीत जावयाचे. इ. स. १९६२-६३ च्या सुमारास झालेल्या अणुबाँबच्या चांचण्यांची किरणोत्सर्गी राख जगभर पडली होती. तो थर सांपडला कीं मोजणीस एक पक्का खुंटा मिळतो. दासुओपूच्या बर्फांत याप्रमाणें इसवी सनाच्या पंधराव्या शतकापर्यंत एकेक वर्ष वेगळें करितां आलें आहे. त्याखालचे थर इतके दबलेले आहेत कीं त्यांचा काळ गणितानेंच बसवावा लागतो. म्हणजे आपल्याला ज्या वर्षांशीं कर्तव्य आहे तीं मोजणीच्या टप्प्यांत येतात. दोनचार वर्षांची चूक तेवढी संभाव्य धरावी. मित्यांच्या ऊहापोहांत हयात घालविलेल्या संशोधकांस एवढी चूक कांहीं नवी नाहीं.

युरोपांत या साधनाचा इतिहासाकडे झालेला उपयोग पाहिला म्हणजे त्याविषयींचा अविश्वास बराच कमी होतो. चांदी ज्या खनिजांतून काढीत त्यांत बहुधा शिसें असे. खनिज भट्टींत घातलें कीं शिशाचे सूक्ष्म कण धुराबरोबर वर जात आणि वाऱ्याबरोबर थेट ग्रीनलंडपर्यंत पोंचत. जोसेफ मॅकॉनेल आणि त्यांचे सहकारी यांनीं ग्रीनलंडच्या बर्फांतील हें शिसें ख्रिस्तपूर्व ११०० पासून इ. स. ८०० पर्यंत मोजून इ. स. २०१८ मध्यें प्रसिद्ध केलें. फिनिशियन व्यापाऱ्यांचा पश्चिमेकडे प्रसार झाला तेव्हां तें वाढतें, रोम आणि कार्थेज यांच्या युद्धांबरोबर तें खालींवर होतें, रोमन साम्राज्याच्या पहिल्या दोन शतकांत तें सतत उंच राहतें, आणि इ. स. १६५ च्या सुमारास साम्राज्यांत मोठी साथ आली तेव्हां तें जें खालीं येतें तें पुढें कित्येक शतकें वर जात नाहीं. नाणीं पाडण्यासाठीं चांदी काढणारे हातच उरले नाहींत, असा त्याचा अर्थ.

दुसरें उदाहरण आल्प्स पर्वतांतील आहे. इटली आणि स्वित्झर्लंड यांच्या सरहद्दीवर कोल्ले न्यिफेट्टी नांवाची खिंड सुमारें ४,४५० मीटरांवर आहे. तेथील शलाकेंत इ. स. १३४९ ते १३५३ या वर्षांत शिसें जवळजवळ नाहींसें होतें. काळ्या मृत्यूनें युरोप उजाड केला तीं हींच वर्षें. अलेक्झांडर मोर आणि त्यांचे सहकारी यांनीं इ. स. २०१७ मध्यें या शोधाबरोबर असेंहि दाखविलें कीं, यंत्रयुगापूर्वींच्या हवेंत शिशाचें जें प्रमाण 'स्वाभाविक' म्हणून आजवर गृहीत धरलें जाई तें स्वाभाविक नव्हतेंच. दोन हजार वर्षें माणूस धातु वितळवीत आला होता, आणि त्याचे हात त्या चारपांच वर्षांत थांबले तेव्हां कोठें खरी स्वाभाविक हवा बर्फांत उमटली.

या दोन्ही उदाहरणांत ग्रंथ आधीं होते आणि बर्फानें मागाहून त्यांस दुजोरा दिला. आमच्या दुष्काळाची गोष्ट बरीचशी उलट आहे. येथें बर्फ बोलकें आहे, आणि ग्रंथ मात्र मान खालीं घालून पुढें जातात.

आतां दासुओपूचें बर्फ अवर्षण कसें ओळखतें तें पाहूं. तेथील हिमाचा मोठा भाग नैर्ऋत्य मोसमी पावसाचा असतो. पाऊस चांगला झाला म्हणजे खालच्या मुलखांतील माती ओली राहते, तिच्यावर गवत उगवतें आणि धूळ उडत नाहीं. पाऊस दगा देऊं लागला कीं वाऱ्याच्या वाटेवरचे कोरडे प्रदेश उघडे पडतात. तेथील बारीक माती आणि आटलेल्या पाण्यामागें राहिलेले क्षार वर उचलले जाऊन हिमालयाच्या माथ्यावर पडतात. म्हणून धूळ आणि क्लोराइड नांवाचा क्षारांश हीं दोन्ही ज्या थरांत एकदम वाढलेलीं दिसतील तो थर अवर्षणाचा समजावयाचा. यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, धूळ पूर्वींइतकीच पडत असली तरी हिम कमी पडल्यास तिचें प्रमाण वाढलेलें दिसणारच. आक्षेप बरोबर आहे. परंतु हिम कमी पडणें हेंहि मोसमी पाऊस क्षीण झाल्याचेंच चिन्ह होय. म्हणजे दोहोंपैकीं कोणतेंहि कारण धरलें तरी साक्ष एकाच बाजूची होते.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत रजोलक्षणाचा एक अध्याय आहे. दिशा धुळीनें भरून गेल्या असतां त्यावरून राजा व प्रजा यांचें शुभाशुभ कसें जाणावें, याचा तेथें विचार केलेला आहे. शकुन म्हणून तो प्रकार आज आपण बाजूस ठेवूं. पण धुळीवरून प्रजेची स्थिति वाचूं पाहणाऱ्या त्या जुन्या ज्योतिष्याला दासुओपूचें हें वाचन फारसें अपरिचित वाटलें नसतें.

बर्फाची साक्ष झाली. आतां कागदांकडे वळूं. मे १७९१ मध्यें लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या तटापर्यंत जाऊन पोंचला, आणि लढाई जिंकूनहि त्यास परत फिरावें लागलें. दाणा संपला होता. तोफा ओढणारे बैल उपासानें व रोगानें हजारोंनीं मेले होते. वेढ्याच्या जड तोफा निकामी करून टाकण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. परतीच्या वाटेवर हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचीं सैन्यें त्यास येऊन मिळालीं आणि मराठ्यांच्या लष्करी बाजारांतील धान्यावर इंग्रजी फौजेचे प्राण वांचले. भाव मात्र विचारूं नयेत असे होते. हा प्रसंग इंग्रज लेखकांनीं मोठ्या चवीनें वर्णिला आहे, आणि मराठ्यांचा तो बाजार किती भरगच्च होता याचें आमच्याकडेहि कौतुक झालें आहे. कौतुक करण्यापूर्वीं एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्या सालीं धारवाड-विजापूरकडे कवट्या पडल्या त्याच सालीं हा बाजार भरलेला होता. म्हणजे देशांत धान्य अजिबात नव्हतें असें नव्हे. तें बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, पैका असेल तिकडे, लष्करांच्या मागें चाललें होतें. परशुरामभाऊंच्या फौजेनें धारवाडास सहा महिन्यांहून अधिक काळ वेढा घातला होता. एवढ्या फौजेच्या घोड्यांना वैरण कोणाच्या शेतांतून आली असेल, याची कल्पना कोणालाहि करितां येईल. सैन्यांच्या येण्याजाण्यानें हा दुष्काळ अधिक भयंकर झाला, असें गॅझेटियरकारानें म्हटलें आहे. तो परका होता म्हणून त्याचें हें म्हणणें टाकून देण्याचें कारण मला दिसत नाहीं. पाऊस न पडण्याचा दोष कोणा सरदाराकडे जात नाहीं. पण पडलेल्या दुष्काळांत कोण जगलें आणि कोण मेलें, याचा कांहीं भाग तरी माणसांच्या हिशेबीं लागतो. बर्फ या बाबतींत मुकें आहे. धुळीच्या कणावर कोणत्याहि फौजेचें निशाण नसतें.

पूर्व किनाऱ्यावर, गोदावरीच्या मुखाजवळील सामलकोट येथें, विल्यम रॉक्सबर्ग हा वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ कंपनीच्या नोकरींत होता. पावसाच्या व हवेच्या नोंदी ठेवण्याचा त्यास नाद होता, आणि इ. स. १७८९ पासून तेथें पाऊस कसा हुकत गेला याची त्याची साक्ष उपलब्ध आहे. म्हणजे पूर्वेकडील अवर्षणाचा आरंभ आमच्या कवटी-दुष्काळाच्याहि आधींचा. रिचर्ड ग्रोव्ह या इतिहासकारानें पुढें असें प्रतिपादन केलें कीं, प्रशांत महासागराचें पाणी तापून जगाचा पाऊस उलटापालटा करणारी 'एल निन्यो' नांवाची जी घटना अधूनमधून घडते ती इ. स. १७८९ ते १७९३ या काळांत असाधारण जोराची होती. आणि त्याच सुमारास ऑस्ट्रेलियांत नुकत्याच बसलेल्या इंग्रजांच्या वसाहतीलाहि अवर्षणाचा ताप झाला. असें असेल तर धारवाडच्या कुणब्याचें आणि सिडनीच्या वसाहतवाल्याचें दैव एकाच समुद्राशीं बांधलेलें होतें, हें दोघांच्याहि स्वप्नांत आलें नसेल.

थॉम्पसन यांच्या निबंधांत, हिंदुस्थानच्या एकाच भागांत इ. स. १७९२ मध्यें सहा लाखांवर माणसें मेलीं असा एक आंकडा उद्धृत केलेला आहे. पुढें तो ज्या त्या लेखांत खात्रीनें उतरवून घेतला जातो. हिंदुस्थानांत सर्वत्र शिरगणती करण्याचा पहिला प्रयत्न इ. स. १८७२ च्या सुमाराचा. त्यापूर्वीं ऐंशी वर्षें मेलेल्यांस कोणीं मोजलें? हा आंकडा अंदाजाचा आहे आणि अंदाज म्हणूनच तो घ्यावा. बर्फावरील निबंधांत छापला गेला म्हणून त्याला बर्फाचें प्रामाण्य येत नाहीं. विज्ञानाचे पंडित आपली शलाका डोळ्यांत तेल घालून तपासतात आणि इतिहासाचा आंकडा मात्र पहिल्या हातीं आलेल्या पुस्तकांतून उचलतात, हें मी अन्यत्रहि पाहिलें आहे. आमचे लोक विज्ञानाच्या बाबतींत उलट दिशेनें हेंच करितात, म्हणून फारशी तक्रार करीत नाहीं.

आतां बर्फ आणि कागद यांत जेथें मेळ बसत नाहीं तेथें येऊं. माझ्या मतें सर्व विषयांत विचार करण्याजोगी जागा हीच आहे. आमचे कागद शके १७१३ व त्याच्या लगतचें वर्ष एवढ्याचेंच बोलतात. बर्फ सात वर्षांचें बोलतें. यांत खोटें कोण ? माझ्या मतें कोणीच नाहीं. धूळ पाऊस मोजीत नाहीं, जमिनीचें उघडेपण मोजते. एक वर्ष पाऊस पडला तरी ज्या गांवचीं माणसें व गुरें मेलीं तेथील शेत लगेच नांगराखालीं येत नाहीं. शिवाय बर्फ जेथील धूळ गोळा करितें ते प्रदेश मुख्यतः हिमालयाच्या पश्चिमेचे व नैर्ऋत्येचे आहेत. कृष्णा-तुंगभद्रेच्या दुआबाचें तें दफ्तर नव्हे. तिकडील अवर्षण सात वर्षें रेंगाळलें असेल आणि इकडे दोन वर्षांनीं पाऊस सुधारला असेल, यांत विरोध कसला ? पावसाचें मान प्रांतागणिक वेगळें असतें हें कौटिल्यास चांगलें ठाऊक होतें. अर्थशास्त्राच्या सीताध्यक्षप्रकरणांत त्यानें अवंतीस तेवीस द्रोण पाऊस सांगितला आणि अश्मकास, म्हणजे गोदातटाकच्या आपल्या मुलखास, 'अर्धत्रयोदश' सांगितला. इंग्रजी भाषांतरांत याचा अर्थ साडेतेरा असा केलेला आढळतो. संस्कृताच्या वळणाप्रमाणें तो साडेबारा व्हावा. ज्या देशांत अवंतीच्या निम्माच पाऊस ठरलेला, तेथें थोडी तूटहि प्राणावर बेतते. ती तूट गोसाईंथानास कळलीच पाहिजे असें नाहीं.

याचें प्रत्यंतर शके १५५२ च्या दुष्काळांत मिळतें. इ. स. १६३० ते १६३२ या वर्षांत गुजराथ व दक्षिण यांत जो हाहाकार झाला त्याचें वर्णन शहाजहानच्या दरबारी तवारिखेंत आहे; सुरतेहून आग्र्यास जाणाऱ्या पीटर मंडी या इंग्रजानें वाटेवर पडलेलीं प्रेतें पाहून लिहून ठेविलें आहे; आणि तुकोबांच्या घरावर त्या दुष्काळानें काय प्रसंग आणला हें महाराष्ट्रांत कोणास सांगावयास नको. मनुष्यहानीच्या मानानें हा दुष्काळ कवटी-दुष्काळाहून उणा ठरविणें कठीण आहे. तरीहि दासुओपूच्या बर्फांत पहिला मान इ. स. १७९० च्या अवर्षणाचा. यावरून, बर्फ हिमालयाचें व त्याच्या वाऱ्याच्या वाटेवरील भूमीचें सांगतें, महाराष्ट्राचें सांगतेंच असें नाहीं, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. थॉम्पसन यांच्या निष्कर्षावरून 'महाराष्ट्राच्या इतिहासांतील सर्वांत मोठा दुष्काळ शके १७१३ चा' असें कोणी लिहील तर ती चूक त्याची, बर्फाची नव्हे.

या शलाकेंत आणखी एक गोष्ट निघाली आहे, आणि ती पहिलीहून कमी महत्त्वाची नाहीं. पाओलो गाब्रिएल्ली आणि त्यांचे सहकारी यांनीं इ. स. १४९९ ते १९९२ या काळांतील बर्फ धातूंसाठीं तपासलें आणि आपला निबंध इ. स. २०२० मध्यें प्रसिद्ध केला. कॅडमियम, क्रोमियम, मॉलिब्डेनम, निकेल, अँटिमनी आणि जस्त हे धातु इ. स. १७८० च्या सुमारापासून स्वाभाविक प्रमाणाहून अधिक आढळूं लागतात. त्यांचा मुख्य उगम पश्चिम युरोपांत जळणाऱ्या दगडी कोळशांत असावा आणि हिवाळ्यांतील पश्चिमी वाऱ्यांनीं तो धूर हिमालयावर आणला असावा, असें त्यांचें अनुमान आहे. जस्तासारख्या धातूंचा कांहीं भाग शेतीसाठीं जाळलेल्या रानांचाहि असूं शकेल असें ते म्हणतात. हें प्रमाण विषारी म्हणण्याइतकें नव्हतें, हेंहि त्यांनीं स्पष्ट केलें आहे. लंडनपासून तो पर्वत सुमारें साडेचार हजार मैल दूर. मनुष्याचें पाऊल त्याच्या माथ्यास लागलें तें इ. स. १९६४ मध्यें, धूर मात्र जवळजवळ दोन शतकें आधीं जाऊन पोंचला होता.

येथेंहि एक पुरवणी जोडणें जरूर आहे. बंगालमध्यें राणीगंजच्या बाजूस कंपनीच्या माणसांनीं इ. स. १७७४ मध्येंच कोळसा खणण्यास आरंभ केला होता. तेव्हां १७८० हें साल ऐकतांच सर्व धूर इंग्लंडच्या माथीं मारण्याचा मोह आवरावा. पण राणीगंजचें तें उत्पादन फार थोडें होतें, आणि इंग्लंडांत त्याच शतकाअखेर वर्षास सुमारें एक कोटि टन कोळसा निघूं लागला होता, हें जमेस धरलें म्हणजे पारडें कोणीकडे झुकतें तें दिसतें.

जुन्या कागदांत पुष्कळदां मजकूर एका हातचा आणि समासांतील शेरा दुसऱ्या हातचा असतो. दासुओपूचे इ. स. १७९० नंतरचे थर असेच आहेत. उन्हाळी मोसमाच्या अपयशानें त्यांवर हिंदुस्थानची धूळ लिहिली, आणि हिवाळी वाऱ्यानें त्याच थरांत युरोपच्या भट्ट्यांचा धूर. ज्या वर्षीं कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणाहून उपाशी परतला त्या वर्षाच्या बर्फांत ही दोन्ही अक्षरें शेजारीं शेजारीं आहेत. पुढें या दफ्तराचा मजकूर दाटच होत जातो: विसाव्या शतकाच्या थरांत क्लोराइड पूर्वींच्या दुप्पट आणि धूळ चौपट झालेली आहे, आणि तिचें कारण थॉम्पसन यांनीं हिंदुस्थान व नेपाळ यांतील माणसांचा वाढता उद्योग असें दिलें आहे. ही धूळ अवर्षणाची म्हणतां येत नाहीं. एकच अक्षर दोन काळीं दोन अर्थांनीं वापरलें गेलें तर जो घोटाळा होतो तो येथें होऊं शकतो, आणि म्हणून जवळच्या काळाचे थर वाचतांना जुन्या थरांहून अधिक जपावें लागतें.

दफ्तराच्या टिकाऊपणाविषयीं आतां लिहावेंच लागेल. इ. स. २००६ मध्यें मानससरोवराजवळील गुरला मांधाता पर्वतावरील हिमनदींतून अशीच शलाका काढण्यांत आली. ती तपासतां, अणुबाँबच्या चांचण्यांची जी राख जगभरच्या हिमनद्यांत हमखास सांपडते ती तींत सांपडलीच नाहीं. कारण उघड होतें. तो थर आणि त्यानंतरचे सर्व थर वितळून वाहून गेले होते, इ. स. १९५० च्या सुमारापासून त्या जागीं नवें बर्फ साठलेंच नव्हतें. पोथीचीं पानें शेवटाकडून झडावींत तशी ही गति आहे, आणि वरचीं गेल्यावर उष्णता खालच्यांस हात घालते. दासुओपूची जागा गुरला मांधात्याहून हजार मीटरांवर अधिक उंच असल्यामुळें तेथील पानें आजवर वांचलीं. काढलेल्या शलाका ओहायोंत शीतगृहांत ठेवलेल्या आहेत. गतवर्षीं एका खेड्यांत जुनें कुळकर्णी दफ्तर असल्याचें ऐकून मी गेलों होतों. रुमाल सोडला तों वरचे दोनअडीचशे कागद वाळवीनें चाळण केलेले निघाले. मधले मात्र शाबूत होते, आणि त्यांवरील शाई इतकी काळी होती कीं कालच लिहिल्यासारखी वाटली. त्यांत शके १७०० च्या पुढचा एकहि कागद नव्हता.

खरें पाहतां बर्फाच्या साक्षीची उलटतपासणी करण्यास लागणारें साहित्य आपल्याच घरांत आहे. पटवर्धनांच्या दफ्तरांतील जीं पत्रें वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृत शिकवीत असतां एकट्याच्या हिमतीवर छापून काढलीं, त्यांत कर्नाटकाच्या या मोहिमेचीं पत्रें आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या पेशवे रोजनिशींत सवाई माधवरावांच्या काळचे महसुलासंबंधींचे उतारे आहेत. या छापील साहित्यांतून पाऊस, पेरणी, भाव, सूट आणि तगाई यांच्या उल्लेखांची मितिवार सूची झाली पाहिजे. काम कष्टाचें आहे, परंतु त्यास भांडवल लागत नाहीं. छापलेल्याहून न छापलेलें अर्थात् पुष्कळ अधिक आहे. म्हणून ज्यांच्या घरीं कुळकर्ण, देशपांडेपण, सावकारी किंवा देवस्थान यांचे शके १७११ ते १७१८ या सालांतील कागद असतील, त्यांनीं त्यांतील पुढील गोष्टी मंडळाकडे कळवाव्यात, अशी विनंती आहे: त्या त्या सालीं मृग व हस्त लागले कीं कोरडे गेले, ज्वारीचा रुपयास भाव काय होता, गांवचीं किती घरें परागंदा झालीं, आणि तीं परत केव्हां आलीं. मूळ कागद देण्याची इच्छा नसल्यास नुसती नक्कल चालेल. मिति मात्र तिथीवारासह उतरून घ्यावी.